बीस्टी बॉइजचं कोडं: पंकवाली पोरं रॅपमध्ये काय करत होती?

२००९च्या 'स्टार ट्रेक' सिनेमात लहानगा कर्क एक गाडी भरधाव कड्याच्या दिशेने पिटाळतो, तेव्हा मागे 'सॅबोटाज' वाजत असतं. खरखरीत बास गिटार, दणादण ड्रम आणि घसा फुटेस्तोवर ओरडणारा एक माणूस. गाणं आवडलं म्हणून कुणी नाव शोधायला जातं, तर उत्तर येतं: बीस्टी बॉइज, न्यूयॉर्कचा रॅप ग्रुप. यात रॅप कुठे आहे?

आणखी खोदलं की गोंधळ वाढतो. त्याच नावाखाली १९८२ची हाणामारीच्या वेगातली पंक गाणी सापडतात. १९८७ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला इतिहासातला पहिला रॅप अल्बम सापडतो. तिबेटी भिक्खूंच्या मंत्रपठणावर बेतलेलं गाणं सापडतं आणि एकही शब्द नसलेला, नुसत्या वाद्यांचा अल्बमही सापडतो. हे सगळं त्याच एका ग्रुपचं.

त्यांनी पंक सोडून रॅप धरला, असं सर्रास सांगितलं जातं. माझ्या मते ते चूक आहे. पंकने त्यांना जी मोकळीक दिली होती तीच रॅपने वाढवून दिली. कशी, ते त्यांच्या निवडक गाण्यांतून पाहू.

पंक म्हणजे काय, रॅप म्हणजे काय

पंक १९७० च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये फोफावलं. तोवर रॉक संगीत फार भारदस्त झालं होतं: लांबलचक सोलो, महागडे स्टुडिओ, वाद्यावर वर्षानुवर्षांची हुकमत. पंकने सांगितलं की तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा, नसतील येत तरी काढा. गाणं छोटं, वेग जास्त, आवाज बेसूर असला तरी चालेल. त्याची आणखी वेगवान, आणखी चिडकी आवृत्ती म्हणजे हार्डकोर.

त्याच दशकात, त्याच शहराच्या ब्रॉन्क्स भागात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण वेगळंच काही करत होते. १९७३ पासून कूल हर्क नावाचा डीजे पार्ट्यांमध्ये दोन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची यंत्रं, वापरून रेकॉर्डमधला फक्त ड्रमचा तुकडा लांबवत असे, कारण नाचणाऱ्यांना तोच हवा असायचा. त्या तालावर माइक घेऊन यमक जुळवत बोलणारा तो एमसी. त्या बोलण्याला रॅप म्हणतात. तिथे गिटारचीही गरज नव्हती, घरातल्या जुन्या रेकॉर्ड हेच वाद्य.

म्हणजे दोन्हीकडे अट एकच: शिकून या असं कुणी सांगत नव्हतं. तरी दोन्ही जमातींचं एकमेकांवर प्रेम होतं असं मात्र नाही. १९८१ मध्ये द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडने टाइम्स स्क्वेअरच्या कार्यक्रमात ग्रँडमास्टर फ्लॅश या ब्रॉन्क्सच्या डीजेला आधी वाजवायला बोलावलं, तेव्हा पंकच्या श्रोत्यांनी त्याची हुर्यो उडवली, कप फेकून मारले. बंडखोर म्हणवणाऱ्यांचं बंड कुठवर पुरतं ते दिसलं.

सुरुवात अंड्यांपासून

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ॲडम यॉकच्या सतराव्या वाढदिवशी, बीस्टी बॉइजचा पहिला कार्यक्रम झाला. बासवर यॉक, गाणारा मायकल डायमंड, गिटारवर जॉन बेरी आणि ड्रमवर केट शेलेनबाख. हो, 'बॉइज'मध्ये एक मुलगी होती, आणि ड्रम तीच वाजवत होती. तिच्याकडे नंतर येऊ.

१९८२ मध्ये 'पॉली वॉग स्टू' ही त्यांची आठ गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघाली. त्यातलं 'एग रेड ऑन मोजो' जरूर ऐका. विषय काय, तर क्लबच्या दारावरच्या मोजो नावाच्या माणसाने यांना फुकट आत सोडलं नाही म्हणून त्याच्यावर अंड्यांचा हल्ला. एवढंच. राग खरा, कारण क्षुल्लक, आणि गाणं नीट कळायच्या आत संपतं. पुढे तीस वर्षं या मंडळींनी जे केलं त्याचा स्वभाव इथेच दिसतो: चेष्टा करायची, पण मन लावून करायची.

थोड्याच दिवसांत बेरी बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी ॲडम होरोविट्झ आला. मग १९८३ मध्ये आलं 'कुकी पुस'. कार्व्हेल ही तिकडची आइस्क्रीमची दुकानं, आणि कुकी पुस हे त्यांच्या एका आइस्क्रीम केकचं नाव. पोरांनी दुकानात फोन लावला आणि कुकी पुसला फोनवर बोलवा म्हणून हट्ट धरला. त्या फोनचं रेकॉर्डिंग तालावर चढवलं, मध्ये रेकॉर्ड घासल्याचे आवाज टाकले, झालं गाणं. गाणं म्हणून ते फार थोर नाही, पण न्यूयॉर्कच्या क्लबांत ते चाललं, आणि गिटारशिवाय नुसत्या तुकड्यांतून गाणं होतं हे त्यांना कळलं.

त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूच्या गाण्याचा तुकडा ब्रिटिश एअरवेजने न विचारता जाहिरातीत वापरला. यांनी दावा लावला, ४० हजार डॉलर मिळाले. होरोविट्झ आपल्या वाट्याचे पैसे घेऊन गिटार आणायला गेला आणि ड्रम मशीन घेऊन आला: रोलँड टीआर-८०८, बटणं दाबून ताल रचायचं यंत्र.

उलटी फिरवलेली टेप

इथे रिक रुबिन येतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या खोलीतून त्याने डेफ जॅम ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली होती. त्याला एकाच वेळी हेवी मेटल आणि रॅपचं वेड. १९८४च्या 'रॉक हार्ड'मध्ये त्याने एसी/डीसी या रॉक बँडच्या गिटारचा तुकडा सरळ उचलून खाली लावला आणि वर यॉक, डायमंड आणि होरोविट्झ या तिघांनी रॅप केलं. १९८६च्या नोव्हेंबरमध्ये आला 'लायसन्स्ड टू इल', पहिल्या क्रमांकावर गेलेला तो अल्बम.

या अल्बमचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'फाइट फॉर युवर राइट'. त्यात रॅप सगळ्यात कमी आहे. पार्टीबाज, दारुड्या पोरांची टिंगल म्हणून ते लिहिलं, आणि नेमकी तीच पोरं ते गाणं डोक्यावर घेऊन नाचली. वाईट म्हणजे वर्षभर तीच नक्कल करता करता हे तिघेही हळूहळू तसेच वागायला लागले.

माझ्या हिशेबात या अल्बमचा खरा ऐवज 'पॉल रेव्हिअर' आहे. ८०८ वर ताल रचला, तो टेपवर घेतला आणि टेप उलटी वाजवली. ही यॉकची कल्पना. ड्रमवर काठी पडली की आधी ठोका येतो, मग गुंज विरत जाते. उलट्या टेपमध्ये गुंज आधी फुगत येते आणि ठोक्यावर येऊन तुटते. जमीन श्वास आत ओढतेय असं वाटतं. त्यावर तिघे मिळून आपण एकमेकांना कसे भेटलो याची वेस्टर्न सिनेमाछाप थाप मारतात. तीन आवाज एकमेकांची ओळ अर्ध्यावर पकडतात, शेवटचा शब्द एकत्र ओरडतात. हे ओरडणं पंकमधून आलेलं आहे. उत्तम रॅपर म्हणून त्यांची गणना क्वचितच होते, पण टोळी म्हणून त्यांना तोड नव्हती.

'नो स्लीप टिल ब्रुकलिन' धावता उल्लेख करून सोडतो. त्यातला गिटार सोलो स्लेयर या मेटल बँडच्या केरी किंगचा आहे आणि तो ऐकून शेजारी तक्रार करू शकतात.

पण ही तर कृष्णवर्णीयांच्या संगीतावर डल्ला मारणारी गोरी पोरं ना?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे रॅप म्हटलं की गल्ली, चाळ, झोपडपट्टीतून आलेला आवाज डोळ्यासमोर येतो. हे तिघे न्यूयॉर्कच्या सुस्थितीतल्या घरांतले, ज्यू पार्श्वभूमीचे. होरोविट्झचे वडील नामवंत नाटककार होते. ब्रॉन्क्समध्ये जन्मलेल्या कलेचा पहिला पहिल्या-क्रमांकाचा अल्बम गोऱ्यांच्या नावावर लागावा, यात अमेरिकेच्या बाजारपेठेचा वर्णभेद उघड दिसतो. हे नाकारण्यात अर्थ नाही.

दुसरी बाजूही आहे. ते मागच्या दाराने आले नाहीत. १९८६ मध्ये ते रन-डीएमसी या कृष्णवर्णीय ग्रुपसोबत दौऱ्यावर गेले आणि त्यांच्या श्रोत्यांसमोर उभे राहिले. 'स्लो अँड लो' हे त्यांच्या अल्बममधलं गाणं मुळात रन-डीएमसीचं. 'पॉल रेव्हिअर'च्या गीतकारांत रन आणि डीएमसी या दोघांची नावं आहेत. आणि पंकमध्येही त्यांचं दैवत बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीय हार्डकोर बँडच होता. त्यांनी ब्रॉन्क्समध्ये वाढल्याचा आव आणला नाही. ते रॅपमध्ये आपल्या अंड्यांच्या आणि आइस्क्रीमच्याच गोष्टी सांगत राहिले. एवढ्याने हिशेब फिटतो असं मी म्हणणार नाही. पण उसनं सोंग आणि उसनं साधन यांत फरक करावा लागतो.

'पॉल्स बुटीक': शंभर रेकॉर्डचा एक अल्बम

पैशांवरून डेफ जॅमशी बिनसलं. तिघे लॉस एंजेलिसला गेले आणि डस्ट ब्रदर्स या निर्मात्यांबरोबर १९८९ मध्ये 'पॉल्स बुटीक' काढला. आधीच्या अल्बमसारखा दंगा अपेक्षित असलेल्या लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. आज मात्र तो त्यांचं सर्वोत्तम काम मानला जातो, आणि या बाबतीत मी बहुमताबरोबर आहे.

हा अल्बम सॅम्पलिंगवर उभा आहे. सॅम्पलिंग म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून नव्या गाण्यात बसवणं. इथे शंभराहून जास्त गाण्यांचे तुकडे आहेत. 'द साउंड्स ऑफ सायन्स'मध्ये बीटल्स आहेत. 'हे लेडीज'मध्ये कमोडोर्स या फंक बँडचं 'मशीन गन' आहे. शेवटचं 'बी-बॉय बुयाबेस' बारा मिनिटांहून मोठं, नऊ तुकड्यांची माळ.

पण जवळून ऐकायचं तर 'एग मॅन' ऐका. कर्टिस मेफील्डच्या 'सुपरफ्लाय'ची बास खाली रांगत असते. अचानक 'सायको' सिनेमातले किंचाळणारे व्हायोलिन येतात, मग 'जॉज'च्या शार्कची ती दोन स्वरांची चाहूल. आणि हे सगळं भीतीदायक संगीत कशासाठी, तर अंडी फेकण्यासाठी! सात वर्षांपूर्वी मोजोवर जी अंडी पडली, तीच आता रॅपमध्ये पडतायत. फक्त या वेळी आणखी एक गोष्ट आहे. माणसाची पारख वंशावरून करशील तर जन्मभर तोंडावर अंडं घेऊन फिरशील, अशा अर्थाची ओळ मध्येच टाकून गाणं पुढे पळतं. पंक सोडला का, या प्रश्नाला याहून नेटकं उत्तर मला माहीत नाही.

दुसऱ्याचं वाजवणं ही चोरी नव्हे का?

कायद्याने या प्रश्नाचं उत्तर हळूहळू दिलं. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं चुकीचं ठरवलं. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे असा रिवाज पक्का झाला. 'पॉल्स बुटीक'सारखा अल्बम आज काढायचा तर आधी वकिलांची फौज लागेल.

पण परवानगी कुणाची? इथे बीस्टी बॉइजचंच एक प्रकरण डोळे उघडतं. एखादं नाट्यपद घ्या. चाल एकाची असते. ते अमुक गायकाने गायलेलं ध्वनिमुद्रण कंपनीच्या मालकीचं असतं. म्हणजे हक्क दोन: चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९९२च्या 'पास द माइक' गाण्यात त्यांनी जेम्स न्यूटन या जॅझ बासरीवादकाच्या 'क्वायर' या रचनेतला सहा सेकंदांचा तुकडा पुन्हापुन्हा फिरवला. रेकॉर्ड कंपनीला एकदाच एक हजार डॉलर देऊन ध्वनिमुद्रणाची परवानगी घेतली. चालीची परवानगी, म्हणजे न्यूटनची, घेतली नाही.

न्यूटनने खटला भरला. तो म्हणत होता की बासरी फुंकता फुंकता आवाज लावायची माझी पद्धत हीच माझी कला आहे. अपील न्यायालयाने २००३ मध्ये निकाल दिला की ती पद्धत ध्वनिमुद्रणात येते आणि त्याची परवानगी घेतलेली आहे. कागदावर लिहिलेल्या रचनेतले उरतात ते फक्त तीन स्वर, आणि तेवढ्याने उल्लंघन होत नाही.

कायद्याने बीस्टी बॉइज जिंकले. मला मात्र न्यूटनबद्दल वाईट वाटतं. स्वरलिपीत न मावणारं जे काही असतं, तेच तर तो वाजवत होता. गमक आणि मींड यांवर जगणाऱ्या आपल्या संगीतातल्या माणसाने हा निकाल वाचला तर त्याचं काय होईल, विचार करा.

पुन्हा वाद्यं हातात, आणि 'सॅबोटाज'

'पास द माइक' ज्या अल्बममधलं, तो 'चेक युवर हेड'. त्यात तिघांनी पंकच्या दिवसांतली वाद्यं पुन्हा बाहेर काढली: यॉक बासवर, होरोविट्झ गिटारवर, डायमंड ड्रमवर. 'सो व्हॉट्चा वाँट'मध्ये आवाज मुद्दाम फाटका केलाय, त्यामुळे तिघे जुन्या ध्वनिक्षेपकावरून भांडतायत असं वाटतं.

आणि १९९४च्या 'इल कम्युनिकेशन'मध्ये 'सॅबोटाज'. सुरुवातीची ती बासची घासलेली चाल यॉकची. वाद्यांचं रेकॉर्डिंग बराच काळ शब्दांविना पडून होतं. शेवटी होरोविट्झने शब्द लिहिले ते आपल्याच निर्मात्यावर, मारिओ काल्डाटोवर. तो बिचारा अल्बम एकदाचा संपवा म्हणून मागे लागला होता, आणि याने त्याला घातपाती ठरवलं! व्यवस्थेविरुद्धचा हुंकार म्हणून जे गाणं जगभर ऐकलं जातं, ते मुळात कामाचा तगादा लावणाऱ्या मित्राची चेष्टा आहे. मोजोवर पडलेल्या अंड्यांचीच जात.

तर यात रॅप कुठे? सुरावट शोधा, सापडणार नाही. होरोविट्झ एकाच पट्टीत ताल धरून बोलतो, ओळींच्या शेवटी यमक जुळवतो, मागे रेकॉर्ड घासल्याचा आवाज आहे. मध्ये सगळं थांबतं, एकटी बास उरते आणि मग ती लांबलचक किंकाळी. वाद्यं पंकची, बोलणं रॅपचं. दोन्ही वेगळे काढायला गेलात तर हाती काही उरत नाही.

स्पाइक जोन्झने केलेला व्हिडिओ पाहाच: खोट्या मिशा, विग, सत्तरच्या दशकातल्या पोलिसी मालिकांची हुबेहूब टवाळी. त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत पाच नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. यॉक एका काल्पनिक स्विस काकाच्या वेशात मंचावर घुसला आणि तक्रार करून आला.

बायकांबद्दल ती जुनी गाणी, त्यांचं काय?

'लायसन्स्ड टू इल'मधलं 'गर्ल्स' आज ऐकवत नाही. १९८७च्या दौऱ्यात पिंजऱ्यात नाचणाऱ्या मुली असायच्या. टिंगल होती ही सबब इथे चालत नाही. आणि केट शेलेनबाख? रुबिन आल्यावर, रॅपच्या तिघांच्या टोळीत मुलगी बसत नाही म्हणून तिला बाजूला केलं गेलं.

उत्तर त्यांनी स्वतः दिलं, गाण्यातून. १९९४च्या 'शुअर शॉट'मध्ये यॉक आपल्या कडव्यात थांबून म्हणतो की बायकांचा अनादर आता बंद झाला पाहिजे, आणि आया, बहिणी, बायका, मैत्रिणी सगळ्यांना मान देतो. रॅपमध्ये तेव्हा असं म्हणणं चेष्टेला आमंत्रण होतं. १९९९ मध्ये होरोविट्झने जुन्या गाण्यांतल्या समलिंगींबद्दलच्या हिणकस शब्दांसाठी जाहीर पत्र लिहून माफी मागितली. केटच्या पुढच्या बँडच्या, लशस जॅक्सनच्या, रेकॉर्ड बीस्टी बॉइजच्याच ग्रँड रॉयल कंपनीने काढल्या. जुनी गाणी त्याने पुसली जात नाहीत, पण नवी बदलली एवढं नक्की.

यॉक तोवर बौद्ध विचारांकडे वळला होता. 'बोधिसत्त्व व्हाउ'मध्ये तो महायान परंपरेतली बोधिसत्त्वाची प्रतिज्ञा चक्क रॅपमध्ये घेतो, खाली तिबेटी भिक्खूंचं खर्जातलं पठण. या पठणाच्या सॅम्पलमधून येणारं मानधन तिबेटसाठी वळवायचं म्हणून मिलारेपा फंड सुरू झाला, आणि त्यातून १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिली तिबेटन फ्रीडम कॉन्सर्ट झाली. दोन दिवसांत सुमारे एक लाख लोक आले. न्यूटनला जे मिळालं नाही ते भिक्खूंना मिळालं, ही तुलना मनात आल्यावाचून राहत नाही.

स्वतः शंभर जणांचं वापरलं, मग आपलं का देत नाहीत?

यॉक ४ मे २०१२ रोजी कर्करोगाने गेला, वयाच्या ४७व्या वर्षी. आपलं संगीत जाहिरातीत वापरू नये असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. २०१४ मध्ये मॉन्स्टर या पेय कंपनीने न विचारता गाणी वापरली म्हणून उरलेल्या दोघांनी खटला जिंकला, ज्युरीने १७ लाख डॉलरची भरपाई ठरवली.

हा दुटप्पीपणा वाटू शकतो. पण सॅम्पलिंगमध्ये जुन्या गाण्यातून नवं गाणं तयार होतं. जाहिरातीत गाणं आहे तसंच राहतं, फक्त बाटली विकतं. नवीन गाण्यासाठी तुकडा घेणाऱ्याला यॉकने मृत्युपत्रात अडवलेलं नाही.

ऐकायला कुठून सुरुवात करावी

आधी 'एग रेड ऑन मोजो', लगेच 'एग मॅन', मग 'सॅबोटाज'. रॅपच आवडत असेल तर 'पॉल रेव्हिअर' आणि १९९८चं 'इंटरगॅलॅक्टिक'. रॅप अजिबात सोसत नसेल तर २००७चा 'द मिक्स-अप' लावा, त्यात कुणी तोंडच उघडत नाही. १९९५चा 'आल्यो ए ओल्यो' मात्र शेवटी ठेवा. रॅपमधलं एवढं नाव कमावल्यावर त्यांनी पुन्हा काढलेली ती हार्डकोर पंक रेकॉर्ड आहे: आठ गाणी, अवघी अकरा मिनिटं. हेडफोन लावूनच ऐका.